पट्ट्याची खालची बाजू

पलूस तालुक्याला यंत्राची पारख नवी नाही. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी इथल्याच माळावर किर्लोस्करवाडी वसवली. आज इथला शेतकरीही पंप घेताना त्यावरचे तारे पाहतो, वीज किती खाईल ते विचारतो. मग साखर कारखान्यासाठी माल वाहणारा रबरी पट्टा घेताना हाच प्रश्न का राहून जातो? रुंदी, प्लाय, जाडी आणि मीटरचा भाव, एवढ्यावर कोटेशन मिटते.

पट्टा रोलरवरून सरकतो तेव्हा मालाच्या वजनाने त्याचे खालचे रबर दाबले जाते आणि रोलर ओलांडला की पुन्हा फुगते. दाबायला लागलेली ताकद फुगताना पुरती परत मिळाली असती तर प्रश्नच नव्हता. पण रबर सावकाश पूर्ववत होते. मधल्या वेळात काही ताकद उष्णता होऊन त्यातच जिरते आणि तिची भरपाई मोटर करते, दर मीटर-सव्वा मीटरला, प्रत्येक रोलरवर. दोन वेगळ्या रबरांचे चेंडू एकाच उंचीवरून सोडून पाहा. एक टणकन उसळतो, दुसरा धपकन बसतो. दुसऱ्याने जे गिळले, तेच पट्ट्यावर वीजबिल होऊन येते. नैसर्गिक रबराचे मिश्रण साधारणपणे कमी गिळते, काजळी जास्त घातलेले अधिक. गारठ्यात ही गळती सहसा वाढते, आणि आपला गळीत हंगाम नेमका थंडीतला!

साखरेची पोती चढवणाऱ्या आखूड पट्ट्यावर हा फरक किरकोळ. तिथे वीज उचलण्यातच जाते. लांब, सपाट पट्ट्यावर मात्र पट्टा ओढताना होणाऱ्या एकूण विरोधातला निम्म्याहून मोठा वाटाही या दाबण्या-फुगण्याचा असू शकतो. रोलर मोठ्या व्यासाचे घेतले तर तो कमी होतो.

आपल्या आयएस १८९१ मानकातले एम-२४, एन-१७ हे दर्जे रबर किती ताण सोसते ते सांगतात, किती वीज गिळते ते नाही. जर्मनीत त्यासाठी डीआयएन २२१२३ ही वेगळी चाचणी आहे. सहवीज प्रकल्प असलेल्या साखर कारखान्याला तर वाचलेले युनिट विकता येते.

हंगामाआधीच्या दुरुस्तीत लांब पट्टा बदलणार असाल, तर खालच्या थराचे रबर किती वीज गिळते याचा चाचणी अहवाल कोटेशनसोबतच मागून घ्या.