कागदावरच्या उड्या

पॅरिस येथे २०२४ च्या ऑलिंपिकमध्ये ट्रॅम्पोलिनच्या महिला स्पर्धेत ब्रिटनच्या ब्रायनी पेज यांनी सुवर्णपदक पटकावले, तेव्हा त्यांचे वय तेहतीस होते. २०१६ साली रिओत रौप्य, त्यानंतर टोकियोत कांस्य आणि अखेर पॅरिसला सुवर्ण, अशी ही आठ वर्षांची वाटचाल आहे. चौकटीत स्प्रिंगांनी ताणून बसवलेल्या जाळीवर उभे राहायचे, तिच्या आधाराने सात-आठ मीटर उंच जायचे आणि मध्ये न थांबता लागोपाठ दहा कसरती करायच्या, असा हा खेळ. कसरतींची काठिण्यपातळी, त्यांतील सफाई, हवेत राहिलेला वेळ आणि जाळीच्या मध्याशी राखलेली जवळीक या चारही गोष्टींना गुण असतात. या खेळाची पहिली जागतिक स्पर्धा १९६४ साली लंडनला झाली. २००० साली सिडनीत त्याला ऑलिंपिकचे दार उघडले, ते स्त्री आणि पुरुष दोघांनाही एकाच वेळी.

आपल्या महाराष्ट्रात मात्र या खेळाचे नाव अनेकांच्या कानी पडले ते निराळ्याच निमित्ताने. शासकीय नोकऱ्यांत गुणवान खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. या सवलतीचा लाभ घेण्यासाठी ट्रॅम्पोलिनची बनावट प्रमाणपत्रे सादर केल्याची प्रकरणे गेल्या काही वर्षांत उघडकीस आली. जाळीवर कधी पाऊलही न ठेवणारे उमेदवार कागदोपत्री खेळाडू झाले. ज्या खेळाची समाजाला फारशी ओळख नाही, त्याच्या नावावर फसवणूक करणे सोपे जाते, हे या व्यवहारातील मर्म आहे.

या फसवणुकीची किंमत कोण मोजते? जळगाव आणि धुळ्याच्या मैदानांवर पहाटे भरतीची तयारी करणाऱ्या मुली पाहाव्यात. त्यांत शेतमजुरांच्या मुली असतात, कपाशीच्या वेचणीला जाऊन शाळा सांभाळलेल्या असतात. चोपड्याची वा शिरपूरची एखादी मुलगी कबड्डीत किंवा धावण्यात वर्षानुवर्षे घाम गाळून खरे प्रमाणपत्र मिळवते, आणि तिच्या हक्काची जागा कोणी विकत घेतलेल्या कागदावर बळकावतो. ही चोरी सरकारची नव्हे, त्या मुलीची आहे.

यावर काही मंडळी म्हणतील की खेळाडूंचे आरक्षणच रद्द करावे. हा उपाय रोगाहून वाईट ठरेल. ज्यांच्या घरी पैसा आहे त्यांना खेळ हा छंद म्हणून परवडतो; कष्टकऱ्यांच्या मुलीला खेळात टिकायचे तर पुढे पोटाची सोय दिसावी लागते. म्हणून सवलत राहिली पाहिजे आणि पडताळणी कडक झाली पाहिजे. ट्रॅम्पोलिनच्या स्पर्धेत कसरतींची आणि गुणांची नोंद होते. प्रमाणपत्राबरोबर ही गुणपत्रिका मागावी, ती सर्वांना पाहता येईल अशी ठेवावी, आणि बनावट कागद घेणाऱ्याइतकीच तो देणाऱ्यालाही शिक्षा व्हावी.

परंतु केवळ चोर पकडल्याने खेळाडू निर्माण होत नाहीत. त्रिपुराच्या दीपा कर्माकर यांनी अपुऱ्या साधनांवर सराव सुरू करून २०१६ साली रिओत जिम्नॅस्टिक्सच्या व्हॉल्ट प्रकारात चौथा क्रमांक मिळवला. कांस्यपदक अवघ्या ०.१५० गुणांनी हुकले. आगरतळ्यात जे घडले, ते खानदेशात घडू नये असा काही नियम नाही. त्यासाठी जाळी हवी, सुरक्षेच्या गाद्या हव्यात, जाणकार प्रशिक्षिका हवी. हे साहित्य गरीब कुटुंबाने विकत घ्यावे अशी अपेक्षा करणे क्रूरपणाचे आहे. ती जबाबदारी सार्वजनिक क्रीडासंकुलांचीच आहे.

जळगाव आणि धुळे येथील कार्यकर्त्यांनी म्हणूनच एक साधे काम हाती घ्यावे. माहितीच्या अधिकाराखाली अर्ज करून विचारावे की जिल्ह्याच्या क्रीडासंकुलात जिम्नॅस्टिक्सचे कोणते साहित्य आहे, ते वापरात आहे की कुलूपबंद, मुलींसाठी कोणती वेळ राखून ठेवली आहे, स्त्री प्रशिक्षक किती आहेत, आणि खेड्यातून येणाऱ्या मुलीच्या एसटी भाड्याची काय व्यवस्था आहे. उत्तरे आली की ती गावोगावच्या पालकांसमोर वाचून दाखवावीत. त्यातूनच पुढील मागणी उभी राहील. खानदेशच्या मुलीला ट्रॅम्पोलिन हा शब्द भरतीतील घोटाळ्याच्या बातमीत वाचावा लागू नये. तो तिला पायाखालच्या जाळीवर उभे राहून कळला पाहिजे.