डोहाळे कुणाचे?

१८ डिसेंबर २०२२, रविवार. वाघोलीतल्या आमच्या फ्लॅटमध्ये माझे डोहाळेजेवण होते. सातवा महिना चालू होता आणि पुढच्या शनिवारी पौष लागणार होता, म्हणून सासूबाईंनी हाच रविवार धरला होता. हिरवी साडी, फुलांचे दागिने, ओटी, सगळे रीतीप्रमाणे झाले. माझ्या विधवा मावशीनेही ओटी भरायची, हा माझा आग्रह सासूबाईंनी फारशी खळखळ न करता मानला, त्यामुळे मी समाधानात होते. मग दोन झाकलेल्या वाट्या पुढे आल्या. एकीत पेढा, दुसरीत बर्फी. मी उघडली त्या वाटीत पेढा निघाला आणि खोलीभर गलका झाला, "मुलगाच!" शेजारच्या काकू म्हणाल्या, "तरीच हिला फुटबॉलचे डोहाळे लागलेत!" सगळ्याजणी हसल्या. मीही हसले. साडेआठला अर्जेंटिना आणि फ्रान्सचा अंतिम सामना होता आणि पाहुण्या त्याआधी निघाव्यात, एवढीच मला चिंता होती.

रात्री मॅच संपली. तीन-तीन अशी बरोबरी, मग पेनल्टीवर अर्जेंटिना जिंकली. सगळे झोपल्यावर काकूंचे वाक्य परत आठवले आणि आता मात्र हसू आले नाही. माझे फुटबॉलचे वेड तेव्हा चोवीस वर्षांचे होते आणि पोटातले बाळ सात महिन्यांचे. तरी माझे वेड बाळाच्या नावावर जमा झाले होते. तेही तो मुलगा आहे असे धरून.

माझे माहेर कोल्हापूरचे. तिथे फुटबॉल हा पेठेच्या इभ्रतीचा प्रश्न असतो. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, शिवाजी तरुण मंडळ ही नावे आम्हाला पाढ्यांबरोबरच पाठ झाली. विश्वचषक आला की गल्लीत ब्राझीलचे आणि अर्जेंटिनाचे झेंडे लागत. भाऊ शाहू स्टेडियममध्ये जाई. मला "तिथं पोरींचं काय काम?" म्हणून घरी ठेवत. गच्चीवर उभी राहून आरडाओरड्यावरून गोल कुणी केला हे ओळखायला मी शिकले. १९९८ चा अंतिम सामना आपल्याकडे रात्री साडेबाराला होता. वडिलांनी मला उठवून शेजारी बसवले आणि ऑफसाईड म्हणजे काय ते चहाच्या कपबशा मांडून समजावले. तेव्हापासून एकही विश्वचषक मी सोडलेला नाही. हे सगळे पोटात मूल येण्याच्या किती आधीचे!

२०२२ च्या त्या महिन्यात सामने आपल्या वेळेनुसार दुपारी साडेतीन, संध्याकाळी साडेसहा, रात्री साडेनऊ आणि साडेबारा असे असत. बाईच्या दिवसावर हे वेळापत्रक ठेवून पाहा. साडेसहा म्हणजे कामावरून येऊन कणीक मळायची वेळ. २१ नोव्हेंबरला इराण-इंग्लंड सामना त्याच वेळेला होता. राष्ट्रगीताच्या वेळी इराणचे खेळाडू ओठ मिटून उभे राहिले. महसा अमिनीच्या मृत्यूनंतर रस्त्यावर उतरलेल्या बायांना त्यांनी असा पाठिंबा दिला. मी पिठाच्या हाताने टीव्हीसमोर उभी होते. याच इराणमध्ये मॅच पाहायला पुरुषाच्या वेषात स्टेडियममध्ये शिरू पाहणाऱ्या सहर खोदायारीवर खटला भरला गेला, तिने न्यायालयाबाहेर स्वतःला जाळून घेतले आणि सप्टेंबर २०१९ मध्ये ती गेली. पुढच्या महिन्यात तेहरानच्या आझादी स्टेडियममध्ये बायांना तिकिटे मिळाली. खेळ बघण्याचा हक्क ही चैनीची गोष्ट आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी सहरची आठवण ठेवावी.

केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात असे दिसले की घरकाम करणाऱ्या बाईची दिवसाची २८९ मिनिटे बिनपगारी घरकामात जातात आणि घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषाची ८८. मुलांचे आणि आजाऱ्यांचे करणे यात धरलेले नाही, ते वेगळे मोजले आहे. एक मॅच नव्वद मिनिटांची असते. म्हणजे त्याचे घरकाम एका मॅचएवढेही भरत नाही आणि तिचे तीन मॅचेस होऊन वर उरते.

माझा नवरा समजूतदार आहे, भांडी घासतो, तरीही एक गोष्ट सांगते. १ डिसेंबरच्या रात्री साडेबाराला जर्मनी-कोस्टारिका सामना होता. पुरुषांच्या विश्वचषकात पहिल्यांदाच मुख्य पंच बाई होती, फ्रान्सची स्टेफनी फ्रापार, आणि तिच्या दोन्ही साहाय्यक पंचही बायाच होत्या, ब्राझीलची नूझा बाक आणि मेक्सिकोची कारेन दियाझ. मला तसेही कुशीवर झोप लागत नव्हती. मी आवाज बंद करून बसले. थोड्या वेळाने सासूबाई उठून आल्या. "बाळाचा विचार कर गं जरा." आदल्या आठवड्यात त्यांचा मुलगा दोन रात्री जागला होता. त्याला त्या म्हणाल्या होत्या, "चहा ठेवू का?" वाईटपणा कुणाच्याच मनात नव्हता. तपासणीच्या वेळी मी डॉक्टरांना विचारले. त्यांनी दुपारी विश्रांती घ्या, रक्तदाब बघत राहा, लोहाच्या गोळ्या चुकवू नका असे सांगितले. मॅचबद्दल त्यांची काही तक्रार नव्हती.

या काळजीचे माप मला त्याआधीच कळायला हवे होते. ऑक्टोबर २०२२ मध्ये सतरा वर्षांखालील मुलींचा विश्वचषक भारतात झाला. भुवनेश्वर, गोवा आणि नवी मुंबईत सामने होते. आपल्या मुली तिन्ही सामने हरल्या, अमेरिकेकडून तर ०-८. ३० तारखेला नवी मुंबईत स्पेनने कोलंबियाला १-० हरवून चषक नेला. घरापासून काही तासांवर मुलींचा जागतिक अंतिम सामना होता, पाचवा महिना होता, तब्येत उत्तम होती. मला जायचे होते. "एवढा प्रवास? या अवस्थेत? मॅचसाठी?" सगळ्यांनी वेड्यात काढले आणि मी गेले नाही. पण त्याच महिन्यात रोज सकाळी मी दुचाकीवरून नगर रस्त्याचे खड्डे, टँकर आणि केसनंद फाट्यावरची कोंडी पार करत कामावर जात होते. त्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. पगारासाठी पोटुशी बाई खड्ड्यांतून गेली तर चालते, आनंदासाठी गेली तर ती बेजबाबदार ठरते. अवस्था तीच असताना धोका वाढला तो केवळ हेतूमुळे.

आपल्याकडे डोहाळ्यांचे केवढे कौतुक! चांदण्यातले, बागेतले, नावेतले डोहाळेजेवण करतात. पण डोहाळे मान्य होतात ते एक तर जिभेचे, चिंचा-बोरांचे, नाही तर होणाऱ्या मुलाचे भविष्य सांगणारे. जिजाबाईंना घोड्यावर बसावे, तलवार हाती घ्यावी असे डोहाळे लागल्याच्या कथा आपण ऐकत आलो. त्या शिवरायांच्या शौर्याची खूण म्हणून सांगितल्या जातात. जाधवांच्या त्या लेकीला स्वतःलाच घोड्याची हौस असेल, असे कुणी म्हणत नाही. आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथांत गर्भवतीला 'दौहृदिनी' म्हटले आहे, म्हणजे दोन हृदये असलेली. बोलीत आपण दोन जिवांची म्हणतो. शब्दाने दोन्ही मोजली, व्यवहाराने मात्र एकच धरले. तिच्या मनात जे येईल ते बाळाचे, आणि बाळाला नको ते तिनेही नको म्हणायचे.

आणि त्या वाट्या! गर्भलिंगनिदानाविरुद्ध आपल्या चळवळीने झगडून महाराष्ट्रात १९८८ साली कायदा आणला. १९९४ साली तो देशासाठी झाला. सोनोग्राफी केंद्रांवर आपण नजर ठेवतो. आपल्याच घरात पेढा-बर्फीचा खेळ मात्र गंमत म्हणून चालू राहतो, आणि बर्फी निघाली की खोलीतला गलका जरा कमी होतो हे आपण सगळ्याजणी जाणतो. त्या दिवशी मी वाटी उघडली. नको म्हणू शकले असते, म्हटले नाही. ही चूक माझी.

दुसरी चूक कामातली. वाघोलीच्या दगडखाणी आणि खडी क्रशर पुणेकरांना नवे नाहीत. खाणकामगारांच्या मुलांसाठी 'संतुलन' संस्थेने इथे पाषाणशाळा चालवल्या. जून २०२१ मध्ये गाव पुणे महापालिकेत गेले आणि इमारतींच्या कामांवर बाहेरगावचे मजूर आणखी आले. मी त्यांच्या वस्त्यांवर जाते. माझ्याकडच्या नोंदवहीत गरोदर बाईचे महिने, वजन, रक्तातले हिमोग्लोबिन, गोळ्या, लसीकरण, बँकखाते असे रकाने आहेत. पंतप्रधान मातृवंदना योजनेत पहिल्या बाळंतपणाला मिळणाऱ्या ५,००० रुपयांसाठी ही माहिती लागतेच. डोहाळेजेवणानंतर तीन दिवसांनी मी नांदेडकडच्या एका बाईकडे गेले. आठवा महिना, तरी घमेली वाहत होती. रकाने भरून झाल्यावर पहिल्यांदाच विचारले, "तुला काय करायला आवडतं गं?" ती आधी गोंधळली. "काय आवडंल बाई? निवांत बसावं वाटतंय." मी थांबले. मग तोंडाला पदर लावून म्हणाली, "ल्हानपणी जत्रंतल्या कुस्त्या बघायची म्या. झाडावर चढून. आमच्या बाला ठावं नव्हतं." तिला सगळे डाव नावानिशी माहीत होते. पाच महिने मी तिच्याकडे जात होते. समाजकार्याची पदवी घेतलेली मी तिला पोट आणि हिमोग्लोबिन एवढ्यापुरतीच ओळखत होते.

काही मैत्रिणी म्हणतील, हा कोट्यवधींचा, पुरुषांचा आणि कंपन्यांचा खेळ, त्याचे स्त्रीमुक्तीच्या मासिकात काय? शिवाय कतारची ती स्टेडियम नेपाळ, भारत, बांगलादेशातल्या मजुरांनी कोणत्या हालात बांधली हे जगाने पाहिले. हा आक्षेप मला मान्य आहे. वस्तीवर रोज जाणाऱ्या बाईला तो टोचतोही. पण याच खेळात बायांनी काय मिळवले तेही पाहा. आइसलँडची सारा ब्यर्क गुन्नार्सदोत्तिर फ्रान्सच्या ल्यों क्लबकडून खेळत असताना गरोदर राहिली. क्लबने तिचा पूर्ण पगार दिला नाही. ती खेळाडूंच्या संघटनेला बरोबर घेऊन फिफाकडे गेली आणि मे २०२२ मध्ये ८२,००० युरोंहून जास्त थकबाकी देण्याचा निकाल तिने मिळवला. तिला आधार होता जानेवारी २०२१ पासून लागू झालेल्या नियमाचा: किमान चौदा आठवड्यांची पगारी रजा, त्यातले आठ बाळंतपणानंतर, आणि गरोदरपणामुळे करार मोडायला बंदी.

आपल्याकडे १९६१ च्या कायद्यात २०१७ साली दुरुस्ती होऊन पहिल्या दोन मुलांसाठी रजा सव्वीस आठवड्यांची झाली. चौदापेक्षा कितीतरी जास्त. पण घमेले वाहणाऱ्या बाईला आठ दिवसांचीही मिळाली नाही. आणि लांब कशाला जायचे? मी ज्या प्रकल्पावर होते तिथल्या माझ्या सहकारी मैत्रिणीचा अकरा महिन्यांचा करार नेमका तिच्या सहाव्या महिन्यात संपला आणि पुढे वाढवला गेला नाही. "निधी नाही" असे सांगितले. तिच्या जागी महिन्याभरात दुसरी आली. स्त्रियांच्या प्रश्नांवर काम करणाऱ्या संस्थांमधले हे करार आपण कधी तपासणार? सारासारखी संघटना आपल्या पाठीशी कुठे आहे?

म्हणून गटांच्या बैठकीत तीन गोष्टी चर्चेला घ्याव्यात असे सुचवते. आपापल्या संस्थांतल्या कंत्राटी कार्यकर्त्यांना बाळंतपणाची रजा मिळते का, याचा लेखी हिशोब मागावा. वस्तीवरच्या नोंदवहीत गरोदर बाईला काय आवडते याचा एक रकाना असावा, आणि तो सर्वांत आधी भरावा. आणि डोहाळेजेवणात त्या वाट्या ठेवूच नयेत. गोड हवे तर पेढा आणि बर्फी एकाच ताटात वाढावी.

माझे मूल आता घरभर धावते. चेंडू दिसला की लाथ मारते, कधी चेंडूवर बसून राहते. मुलगा की मुलगी हे मी मुद्दाम लिहीत नाही. ज्यांना ते जाणून घेतल्याशिवाय चैन पडत नाही, त्यांनी ते का, एवढे स्वतःला विचारावे. मॅच असली की ते माझ्या मांडीवर झोपते. मी पाहते ती माझ्यासाठी.