‘येत नाही’ म्हणायलाही इंग्रजी लागतं

लातुरात मी बारावीच्या पोरांना इंग्रजी शिकवते. शब्दार्थ त्यांचे तोंडपाठ. ‘इग्नरन्स’ म्हणजे अज्ञान, संपलं. पण या शब्दाची ऊठबस कुणाकुणाशी असते, ते त्यांना कुणी सांगत नाही. इंग्रजीत अज्ञान ‘फेन’ करतात, म्हणजे माहीत असून वेड पांघरतात. ‘प्लीड’ही करतात, म्हणजे ‘मला काय कल्पना!’ म्हणत अंग काढून घेतात. (हे ‘प्लीड’ कोर्टातलं, आणि कोर्टात नेमकी कायद्याच्या अज्ञानाची सबब चालत नाही.) ‘ब्लिसफुली अनअवेअर’ माणूस आपल्या सुखात मश्गूल असतो. ‘क्लूलेस’ हा मात्र सरळ अपमान.

शब्द त्याच्या सोबत्यांवरून ओळखावा, हे इंग्रज भाषाशास्त्रज्ञ जे. आर. फर्थ यांनी 1957 मध्ये मांडलं. हे गृहस्थ 1920 च्या दशकात लाहोरला इंग्रजीचे प्राध्यापक होते. आपल्या गाइडांत अजून एक शब्द, बरोबरचं चिन्ह, एक अर्थ, असंच चालू आहे.

याचा फटका मुलाखतीत बसतो. मराठीत आपण ‘नाही हो सर, माहीत नाही’ म्हणतो आणि त्या ‘हो’त सगळी अदब येते. इंग्रजीत पोराकडे उघडंबोडकं ‘आय डोन्ट नो’ एवढंच असतं. ते उर्मट वाटेल या धास्तीनं तो थापा मारतो आणि दुसऱ्याच प्रश्नाला पकडला जातो. ‘हॅवन्ट द फेंटेस्ट आयडिया’ पाठ केलेला तर आणखी फसतो. ते मित्रांत ठीक, साहेबापुढे बेफिकीर वाटतं. तिथे ‘आय ॲम अफ्रेड आय डोन्ट नो’ किंवा ‘आय ॲम नॉट फॅमिलिअर विथ दॅट’ पुरतं.

डॉ. जॉन्सनच्या 1755 च्या कोशात ‘पॅस्टर्न’ म्हणजे घोड्याचा गुडघा असं छापलं होतं. खरं तर तो खुराच्या लगेच वरचा भाग. एका बाईंनी कारण विचारलं, तर ‘प्युअर इग्नरन्स’ म्हणून मोकळा झाला. एवढा मोठा कोशकार, पण सारवासारव नाही.

पाठ्यपुस्तकातल्या शब्दयाद्या काढाव्यात आणि शब्दांच्या जोड्या द्याव्यात, असं माझं म्हणणं. तोंडी परीक्षेत मी मुद्दाम एक अभ्यासक्रमाबाहेरचा प्रश्न विचारते. उत्तर आलं नाही तरी चालतं. ते येत नाही हे कसं सांगितलं, त्याचे गुण देते. पालक कुरकुरतात, ‘मॅडम, येत नाही म्हणायचेसुद्धा मार्क?’