लाखाचा लॅपटॉप कशाला?

आर्किटेक्चर नाहीतर ॲनिमेशनला ॲडमिशन झाली की घरात पहिला विषय निघतो लॅपटॉपचा. सीनिअर सांगतात, 'गेमिंगवालाच घे.' मग बाबा ईएमआयचा हिशेब मांडत बसतात. जरा थांबा!

आधी आपण चालवणार काय, ते बघा. ऑटोकॅड, स्केचअप, रेव्हिटचं बरंचसं काम प्रोसेसरच्या एकाच कोअरवर चालतं. तिथे कोअर किती यापेक्षा वेग महत्त्वाचा. फोटोशॉपला रॅम हवी, 16 जीबी तरी, 32 असेल तर उत्तम. महागडं ग्राफिक्स कार्ड खरं कामाला येतं ते ब्लेंडरमध्ये रेंडर लावल्यावर. पहिल्या वर्षी असे रेंडर कितीसे लावणार?

आमचं मत विचाराल, तर कंपन्यांनी वापरून काढलेले वर्कस्टेशन बघा. डेल प्रिसिजन, एचपीची झेड मालिका, लेनोवोचं थिंकस्टेशन. दिसायला ऑफिसातल्या कपाटासारखे, पण तासन्‌तास रगडून काम करायलाच बनवलेले. फक्त इंटेलची आठवी पिढी किंवा त्यापुढचं घ्या. त्याआधीच्या बहुतेक प्रोसेसरवर विंडोज 11 अधिकृतपणे चालत नाही आणि विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट ऑक्टोबर 2025 मध्ये संपलाय. पॉवर सप्लाय बऱ्याचदा त्या कंपनीच्याच मापाचा असतो, बिघडला तर कुठे मिळेल ते दुकानदाराला आधीच विचारा. एसएसडी मात्र नवीच टाका.

वाचलेले पैसे चांगल्या आयपीएस मॉनिटरवर घाला. स्क्रीनवरचा भगवा छापून विटकरी आला, तर मार्क तुमचेच जातात.

ज्यूरीला हा डबा उचलून नेता येत नाही, हे कबूल. तिथे पेन ड्राइव्ह आणि कॉलेजची लॅब. ती संध्याकाळी पाचला बंद होत असेल, तर भांडा त्यासाठी!