बोटीत पाय ठेवण्याआधी विचारा



आपली मुलेमुली शिकली, बँकेत, रेल्वेत, सरकारी कचेऱ्यांत, संगणकाच्या कंपन्यांत लागली. आईवडिलांची सुट्टी म्हणजे दीक्षाभूमी, चैत्यभूमी, फार तर बुद्धगया आणि सारनाथ. मुलांची सुट्टी आता अंदमानपर्यंत पोहोचली आहे. यात वाईट काही नाही. कष्टाच्या कमाईतून जग पाहण्याचा हक्क सर्वांना आहे, तसा आपल्यालाही आहे.

अंदमानला गेलेला तरुण हॅवलॉक बेटावर गेल्याशिवाय राहत नाही. २०१८ च्या डिसेंबरात या बेटाचे नाव स्वराज द्वीप झाले, तरी पर्यटकांच्या तोंडी जुनेच नाव आहे. तिथे जाण्याचे मोठे कारण म्हणजे स्कूबा डायव्हिंग. पाठीवर सिलिंडर बांधून पाण्याखाली उतरायचे आणि प्रवाळ, रंगीत मासे डोळे भरून पाहायचे. घरी आई म्हणते, "तुला धड पोहता येत नाही, समुद्रात कशाला उतरतोस?" मुलगा म्हणतो, "पोहता यावे लागत नाही, तसे जाहिरातीतच लिहिले आहे." दोघांचेही अर्धे अर्धे बरोबर आहे. उरलेले अर्धे कोणत्या डायव्हिंग केंद्राची बोट आपण निवडतो यावर ठरते.

प्रथम आपण कोण आहोत ते ओळखावे. पहिल्यांदा पाण्याखाली जाणाऱ्यासाठी एक छोटा अनुभव असतो. त्यात प्रशिक्षक सोबत राहून खाली नेतो. वयाची दहा वर्षे पूर्ण असावी लागतात आणि बारा मीटरच्या खाली नेत नाहीत. दुसरा प्रकार म्हणजे तीन-चार दिवसांचा अभ्यासक्रम. त्यात दोनशे मीटर पोहून आणि दहा मिनिटे तरंगून दाखवावे लागते, आणि परवाना मिळाल्यावर अठरा मीटरपर्यंत जाता येते. हॅवलॉकजवळ डिक्सन्स पिनॅकल, जॉनीज गॉर्ज अशा नावाजलेल्या जागा आहेत, पण त्या खोल आहेत आणि अनुभवी लोकांसाठी आहेत. नवख्याने किनाऱ्याजवळच्या उथळ, शांत पाण्यातच उतरावे. "तुम्हाला कुठेही नेतो" असे म्हणणाऱ्यापेक्षा "तुम्हाला तिथे नेणार नाही" असे म्हणणारा माणूस अधिक भरवशाचा.

पाण्याखाली धोका कशाचा, हे समजले की प्रश्न आपोआप सुचतात. सिलिंडरमध्ये प्राणवायू भरलेला असतो असा पुष्कळांचा समज आहे. त्यात असते ती साधी हवाच, दाबून भरलेली. दहा मीटर खोलीवर दाब वरच्यापेक्षा दुप्पट होतो. तिथे छातीत भरलेली हवा वर येताना फुगून दुप्पट होते. माणसाने घाबरून श्वास रोखला आणि तसाच वर आला तर फुफ्फुसाला इजा होते, प्रसंगी जीव जातो. म्हणून पहिला नियम असा की श्वास कधी रोखायचा नाही आणि घाईने वर यायचे नाही. कानाचेही तसेच आहे. दाब वाढला की कान दुखतो, तो वेळीच मोकळा करावा लागतो. हे सर्व आधी उथळ पाण्यात करून घेतात का, की दोन मिनिटे खुणा दाखवून थेट खाली नेतात, हा पहिला प्रश्न. एका प्रशिक्षकाकडे किती माणसे, हा दुसरा. पोहता न येणाऱ्याने आपल्यासाठी स्वतंत्र प्रशिक्षक मागावा आणि त्याचे प्रमाणपत्र पाहावे. पॅडी, एसएसआय अशा संस्था ही प्रमाणपत्रे देतात. ते दाखवायला चांगला माणूस खळखळ करत नाही.

नंतर एक छापील अर्ज पुढे येतो, बहुधा इंग्रजीत. दमा आहे का, हृदयविकार आहे का, फिट येतात का, कानाची शस्त्रक्रिया झाली आहे का, गरोदर आहात का, असे प्रश्न त्यात असतात. पुष्कळजण "पैसे भरलेत, आता नाही म्हणतील" या भीतीने सगळीकडे "नाही" लिहून मोकळे होतात. हे स्वतःच्या जिवाशी खोटे बोलणे आहे. दमा असेल तर निघण्यापूर्वीच डॉक्टरांना विचारा. साधी सर्दी असली तरी त्या दिवशी उतरू नका. याच अर्जात बहुधा "काही झाल्यास जबाबदारी माझी" असेही लिहिलेले असते. न वाचता अंगठे दिल्यामुळे आपल्या आज्या-पणज्यांच्या जमिनी गेल्या. आपण तर शिकलेलो आहोत. अर्ज समजत नसेल तर हिंदीत समजावून मागा. त्यात कमीपणा नाही.

आता बोटीकडे वळू. १९९८ च्या जानेवारीत ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवर एक अमेरिकन जोडपे डायव्हिंगला गेले. बोट परत फिरली तेव्हा माणसे नीट मोजली गेली नाहीत आणि ती दोघे समुद्रातच राहिली. ही गोष्ट दोन दिवसांनी उघडकीस आली. ती दोघे पुन्हा सापडली नाहीत. त्यानंतर तिथे मोजणीचे नियम कडक झाले. आपल्याकडे २४ मे २०२२ रोजी मालवणजवळ तारकर्लीला स्कूबा करून परतणारी पर्यटकांची बोट किनाऱ्याजवळ उलटली आणि दोघांचा जीव गेला. म्हणजे पाण्याखालून सुखरूप वर आले तरी घरी पोहोचेपर्यंत काळजी सुटत नाही.

म्हणून बोटीवर चढताना आणि परतताना नावे घेऊन मोजणी होते का, ते विचारा. प्रत्येकाला लाइफ जॅकेट आहे का आणि ते अंगावर चढवलेले आहे का, ते पाहा. बोटीत ठरल्यापेक्षा जास्त माणसे कोंबत असतील तर उतरून जा. प्राणवायूची बाटली व प्रथमोपचाराची पेटी बोटीवर असावी, संपर्काला रेडिओ असावा, आणि सर्वजण पाण्यात असताना बोटीवर कोणीतरी जाणता माणूस थांबलेला असावा. काही झाले तर कोणत्या इस्पितळात नेणार, कसे नेणार, हे बेधडक विचारा. उत्तर तयार असेल तर तिथे विचार झालेला आहे. "काही होत नाही हो" हे उत्तर नव्हे.

मालदीवसारख्या ठिकाणी बोटीवरच मुक्काम करून आठवडाभर डायव्हिंग करण्याची सोय असते. २०१९ च्या सप्टेंबरात कॅलिफोर्नियात डायव्हिंगसाठी भाड्याने घेतलेल्या अशाच एका बोटीला रात्री आग लागली. खाली झोपलेले चौतीस जण मेले. रात्री फिरता पहारा ठेवलेला नव्हता, असे चौकशीत निघाले. मुक्कामाची बोट घेणाऱ्याने रात्री जागे कोण राहते आणि झोपण्याच्या जागेतून बाहेर पडायला दुसरी वाट कुठे आहे, हे पहिल्या संध्याकाळीच पाहून घ्यावे.

पैशाचेही बोलू. स्वस्त मिळते म्हणून भुलू नका आणि महाग म्हणजे चांगले असेही समजू नका. दरात काय धरले आहे ते लिहून घ्या. प्रत्यक्ष पाण्याखाली किती मिनिटे, बोटीने की किनाऱ्यावरून, फोटोचे पैसे वेगळे का, आणि हवामान बिघडले तर पैसे परत की दुसरा दिवस. नोव्हेंबर ते एप्रिल हा साधारण चांगला हंगाम. पावसाळ्यात समुद्र खवळतो, पाणी गढूळ होते. सहलीचा आराखडा करताना डायव्हिंग शेवटच्या दिवशी ठेवू नये. पाण्याखालून आल्यावर शरीरात जास्तीचा नायट्रोजन राहतो, तो निघून जायला वेळ लागतो. एकदाच उतरला असाल तर किमान बारा तास आणि अनेकदा उतरला असाल तर किमान अठरा तास विमानात बसू नये.

आता आपल्या घरातली गोष्ट. आपल्या मागच्या पिढ्यांत पोहणारे कमी का? गावातल्या ज्या विहिरीत, ज्या तळ्यात मुले पोहायला शिकत, तिथे आपल्याला मज्जाव होता. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा बोले यांचा ठराव १९२३ साली कायदेमंडळात मंजूर झाला, तरी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घ्यायला २० मार्च १९२७ उजाडावा लागला, आणि न्यायालयाचा शेवटचा निकाल १९३७ साली आला. त्या पाण्याची भीती अजून कुठेतरी मनात असेल तर ती काढून टाकण्याचा मार्ग समुद्रात उडी मारणे हा नव्हे. नगरपालिकेच्या तलावात आधी पोहायला शिका. मुलींना तर अवश्य शिकवा. मग अंदमानला जा.

भगवान बुद्धांनी कालामांना सांगितले की ऐकीव आहे, परंपरेने आले आहे, कोणी मोठा माणूस सांगतो आहे, एवढ्यावरून काही मानू नका, स्वतः पारखून घ्या. हा उपदेश विहारापुरता नाही. गुळगुळीत कागदावरच्या जाहिरातीपुढे, इंग्रजीत बोलणाऱ्या व्यवस्थापकापुढे आपली माणसे अजून गप्प बसतात. "आपण अडाणी दिसू" ही भीती असते. प्रश्न विचारणारा अडाणी नसतो. प्रश्न ऐकून ज्याच्या कपाळावर आठी पडते, त्याची बोट आपली नव्हे. ज्याने आपल्यालाच चार प्रश्न विचारले आणि प्रसंगी "आज समुद्र बरा नाही, उद्या या" असे सांगितले, त्याच्या बोटीत निर्धास्त बसा.

जयभीम!