दोन दिवस वाट पाहू नका

‘पोपट दोन दिवस खात नसला तरी घाबरू नये, हवा बदलली की तो आपोआप सावरतो,’ हा गेल्या अंकातील पत्रातला सल्ला वाचून राहवले नाही. एवढ्या काळात लहान पक्षी नुसत्या उपासानेही दगावू शकतो. बजरीगर या छोट्या पोपटाचे वजन जेमतेम ३० ते ४० ग्रॅम. त्यातले चार ग्रॅम घटले म्हणजे दहावा हिस्सा गेला, आणि पिसांआड ते डोळ्यांना कळतही नाही.

पोपट आजार लपवतो. रानात दुबळा दिसणारा पक्षी आधी मारला जातो. म्हणून पिसे फुगवून पिंजऱ्याच्या तळाशी बसणे किंवा श्वासागणिक शेपटी वरखाली होणे ही आजाराची सुरुवात समजू नये, तोवर बराच उशीर झालेला असतो. त्याआधी वजन, विष्ठा आणि आवाज बदलतात. ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर रोज सकाळी वजन करून वहीत लिहावे.

त्याच पत्रातली, पाण्यात माणसांच्या प्रतिजैविकाची गोळी विरघळवण्याची सूचना तर घातकच! आजारी पक्षी पाणी किती पितो, हे कोण सांगणार? पिंजऱ्याच्या एका बाजूला ऊब द्यावी, दुसरी मोकळी ठेवावी आणि त्याच दिवशी पक्ष्यांची माहिती असलेल्या पशुवैद्याकडे जावे. विष्ठा दाखवण्यासाठी तळाचा कागद सोबत न्यावा. नॉनस्टिक तवा रिकामा तापला असेल तर तेही सांगावे. त्या वाफेने पोपट काही मिनिटांत मरू शकतो.

घरात कोणाला ताप-खोकला असल्यास डॉक्टरांना पोपटाबद्दल जरूर सांगा. सिटॅकोसिस हा पोपटांचा संसर्गजन्य आजार माणसालाही होतो.

– एक पक्षीपालक, सांगली