सह्या करण्याआधी हे वाचा

रत्नागिरी, लांजा, राजापूर तालुक्यांतल्या ग्रामस्थांसाठी आणि गणपतीला गावी आलेल्या चाकरमान्यांसाठी

गणपती आले की गावात मुंबईकर येतात आणि त्यांच्या मागोमाग जमिनीचे एजंट. एजंटाला पंचांग आपल्यापेक्षा जास्त पाठ असतं. सामायिक सड्याच्या सातबाऱ्यावर वीस-वीस नावं, निम्मी दादर-डोंबिवलीत, उरलेली विरारला. ती सगळी एका पडवीत सापडतात ती याच आठवड्यात. मग आरतीनंतर चहा होतो आणि कुलमुखत्यारपत्र पुढे सरकतं. "वरचा कातळ तसाही पडूनच आहे, काका. गवताशिवाय काय येतं तिथं?"

काय येतं ते सांगतो. तुमच्या विहिरीचं पाणी तिथून येतं.

पटत नसेल तर जवळच्या चिरेखाणीच्या कडेला उभे राहा आणि कापलेल्या भिंतीकडे नीट बघा. वर काळपट, टणक कवच, ज्यावर आपण अनवाणी चालत आलो. त्याखाली तांबडा-पिवळा जांभा, भोकाभोकांचा, ताजा असताना हत्याराने सहज कापला जाणारा आणि वारा लागला की घट्ट होणारा. अजून खाली पांढरट-गुलाबी चिकण मातीचा थर. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थिजून काळा पाषाण झाला. पुढे लाखो वर्षांच्या ऊन-पावसाने त्यातली वाळूची द्रव्यं धुऊन नेली आणि लोह व ॲल्युमिनियम मागे ठेवलं. त्याचाच हा जांभा. पावसाळ्यात सड्यावर पडलेलं पाणी कवचाच्या भेगांतून आणि या भोकांतून आत उतरतं, चिकण मातीवर अडतं आणि आडवं सरकत सड्याच्या पायथ्याशी झऱ्यातून बाहेर पडतं. वाडीची विहीर, देवळामागचा पऱ्या, उन्हाळ्यात गुरांना मिळणारं पाणी, सगळं या मुरलेल्या पाण्यावर. वरचा जांभा काढून नेला, की पाणी मुरणार कुठे? ते एका पावसात धावत खाडीला जाईल, आणि एप्रिलमध्ये ग्रामपंचायत टँकरसाठी अर्ज लिहील.

हे सरकारदरबारी कुठे लिहिलेलं आहे? कुठेच नाही. सातबाऱ्यावर सडा म्हणजे पोटखराबा. खनिकर्म खात्याच्या लेखी तो गौण खनिज, ब्रासवर मोजायचा आणि रॉयल्टी लावायची. आंब्याच्या बागायतदाराला तो सुरुंग लावून, बाहेरची माती भरून कलमं लावायची जागा. पहिल्या पावसानंतर तिथं जी पांढरी दिपकाडी फुलते, ती बहुतांशी कोकणच्या सड्यांवरच सापडते, हे किती जणांना माहीत आहे?

केरळात अंगाडीपुरम नावाचं गाव आहे. तिथला जांभा पाहून फ्रान्सिस बुकाननने १८०७ साली या दगडाचं जगाला पहिलं वर्णन दिलं. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने ती जागा राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक म्हणून जाहीर केली. तोच दगड आमच्याकडे मैलोन्‌मैल पसरलेला, आणि त्याची किंमत ट्रकमागे किती ते एजंट सांगतो!

आमच्या सड्याला प्रतिष्ठा मिळाली ती कातळशिल्पांमुळे. हजारो वर्षांपूर्वी कुणीतरी याच कवचावर कोरलं. कशेळीला पन्नास फुटांहून लांब हत्ती आहे, त्याच्या अंगभर इतर प्राणी. देवाचे गोठणे इथे तर खोदचित्रापाशी होकायंत्र ठेवलं की सुई भलतीकडे वळते. विश्वास नसेल तर जाऊन बघा. २०२२ साली कोकणातली कातळशिल्पं युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. बारसू, रुंढे तळी, उक्षी, देवीहसोळ, जांभरूण ही नावं त्या यादीत आहेत. उत्तम झालं. पण चित्राभोवती दहा फुटांचं कुंपण घालायचं आणि कुंपणाला लागून खाण चालू ठेवायची, ही कसली राखण? सडा गेला तर चित्र एका खांबावर उभं राहील.

दिल्लीकडून काही होईल अशी आशा ज्यांना आहे त्यांनी भू-वारसा स्थळांच्या विधेयकाचा मसुदा वाचावा. तो डिसेंबर २०२२मध्ये हरकतींसाठी प्रसिद्ध झाला, आणि काढला कुणी? खाण मंत्रालयाने. दगड फोडायचे परवाने ज्या घरात निघतात त्याच घराने दगड राखायचा कायदा लिहिला! त्यात अधिकार भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या महासंचालकांना, जमीन संपादन सरकारकडे. ग्रामसभेचा निर्णयात वाटा नाही. शास्त्रज्ञ हवेतच, त्यांच्याविना हा दगड काय आहे हे आपल्याला कळलंच नसतं. पण सड्यावर जेसीबी चढताना पहिला आवाज ऐकतो तो गुराखी, महासंचालक नव्हे. उक्षीच्या लोकांनी कुणाची वाट न पाहता आपल्या हत्तीच्या कातळशिल्पाभोवती जांभ्याचा कठडा बांधला. गावाने मनावर घेतलं की काम होतं.

आता आक्षेप. "तुम्हीही चिऱ्याच्याच घरात राहता." राहतो. आजोबांनी गावच्या खाणीतून, घरापुरते चिरे काढले होते. खाणीवर चार घरं जेवतात, हेही खरं. कुणी आज चूल बंद करा म्हणत नाही. झऱ्यांच्या वरचा सडा, शिल्पांचा सडा, देवराईला लागून असलेला सडा एवढा सोडा आणि बाकीच्या खाणींची हद्द गावाने ठरवावी, एवढंच म्हणणं आहे. ज्यांचे ट्रक रात्री दिवे बंद करून उतरतात त्यांनी मात्र रोजगाराची भाषा करू नये. बेकायदा उत्खननाला महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमाच्या कलम ४८(७)खाली बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड आहे. तो वसूल व्हावा म्हणून तक्रार लेखी द्या आणि पोच घ्या.

मुंबईकरांनो, तुमचं नाव इथल्या मतदार यादीत नसेल तर ग्रामसभेत तुम्हाला मत नाही. सातबाऱ्यावर मात्र नाव आहे. तुमचा हिस्सा तुमच्या सहीशिवाय विकला जात नाही. आरतीनंतरच्या चहाला सही करू नका. कागद घेऊन जा, शिकल्यासवरल्या पोरांना वाचायला द्या.

गावात राहणाऱ्यांनी २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत ठराव मांडावा: गावच्या सड्यांची, झऱ्यांची आणि शिल्पांची गट नंबरासह यादी करावी, ती लोक जैवविविधता नोंदवहीला जोडावी आणि या गटांत उत्खननाचा परवाना देऊ नये असं तहसीलदारांना कळवावं. जैवविविधता समिती २००२च्या कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीत असायला हवी. तुमच्या गावच्या समितीत कोण आहेत ते त्याच सभेत विचारा. एका ठरावाने परवाना थांबेलच अशी खात्री आम्ही देत नाही. पण फाईलला गावचा विरोध नोंदलेला असला, की "कुणाची हरकत नव्हती" हे वाक्य लिहिता येत नाही. ठराव मंजूर झाला की ग्रामसेवकाकडून सही-शिक्क्याची प्रत त्याच आठवड्यात घ्या, आणि एक झेरॉक्स मुंबईच्या ग्रामस्थ मंडळाला पाठवा.